वाघनखं

"उजवा हात आणा," फकीरप्पा म्हणाला, आणि वेंकटेशनं डावा पुढं केला.

फकीरप्पानं तोच घेतला. तीस वर्षं घरी येऊन वेंकटेशच्या वडिलांची, अप्पांची, दाढी करणारा हा न्हावी आज अप्पांच्या दहाव्याला केलगेरीच्या तळ्याकाठी बसला होता. वेंकटेशचं डोकं झालं होतं, मिशी झाली होती. राहिली होती नखं.

डावा हात पालथा करून पाहताच फकीरप्पा थबकला. नखं बुडापासून कापलेली होती. सुतकात नख काढू नये, हे का कुणाला शिकवावं लागतं? पण गिटारच्या तारा दाबणाऱ्या हाताला नख चालत नाही. सहाव्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, वेंकटेशनं न्हाणीघरात जाऊन ती गुपचूप कापली होती.

"काय रे, अडलं कुठं?" मागून प्रभंजनकाकांनी विचारलं. अप्पांचे हे धाकटे भाऊ. विधीत तसूभरही इकडचं तिकडं चालवून न घेणारे.

"काही नाही, रावसाहेब. या हाताची झिजलीत," फकीरप्पा म्हणाला आणि त्यानं आपणहूनच उजवा हात ओढून घेतला. त्या हाताची तीन नखं गव्हाच्या दाण्याएवढी पुढं आली होती.

आठ महिन्यांची कमाई होती ती. विद्यापीठाच्या कचेरीत कारकुनी करणारा वेंकटेश दर शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की बसनं हुबळी गाठायचा. तिथं रेल्वे कॉलनीत रिबेलो राहायचे, मालगाडीचे निवृत्त गार्ड. ते त्याला गिटारवर ब्लूज शिकवत. दूर देशीच्या काळ्या मजुरांचं हे दुःखाचं गाणं, एवढं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि पुन्हा दुःखाबद्दल चकार शब्द काढला नाही. अंगठ्यानं जाड तारांवर मालगाडीचा ठेका धरायचा, काही झालं तरी सोडायचा नाही, आणि बारीक तारांवर बोटांनी बोलायचं. बोलायला नख हवं, असं त्यांचं म्हणणं. नुसता अंगठा बसायला तीन महिने गेले. आता कुठं एक चीज जमत आली होती आणि येत्या रविवारी रिबेलो लेकीकडं ऑस्ट्रेलियाला निघाले होते, कायमचे. त्याआधी एकदा तरी ती सगळी, न अडखळता त्यांना ऐकवायची, एवढंच वेंकटेशला हवं होतं.

अप्पांना हे सगळं खूळ वाटे. "ही काय वाघनखं वाढवलीस? कुणाचा कोथळा काढणार आहेस?" म्हणत. मग त्यांचं अंग लुळं पडलं. पडून पडून पाठ खाजायची. आईची नखं भांडी घासून झिजलेली, तेव्हा कचेरीतून वेंकटेश आला की त्याला हाक. "वर... अजून वर... हां, अल्ले." अल्ले, म्हणजे तिथंच. एरवी घरात शुद्ध मराठीसाठी कान पिळणारे अप्पा सुख झालं की कानडीत शिरत.

ते गेले आणि वेंकटेशच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. सांगितलं ते सगळं त्यानं केलं. पोरगा धीराचा, असं लोक म्हणाले. धीर कसला डोंबलाचा! दात काढताना हिरडी बधिर करतात, तसं आत सगळं बधिर झालेलं. दहा दिवसांत एकच गोष्ट त्याला लागून राहिली होती, ती म्हणजे नखं जाणार. बाप गेल्याचं काही नाही आणि नखांची काळजी. त्याची त्यालाच शरम वाटत होती.

फकीरप्पानं मान खाली घातली आणि आवाज उतरवला.

"अप्पा सांगायचे मला, पोरगं काहीतरी वाजवतंय म्हणून. ठेवू का तीन? मूठ मिटून घ्या, कोण बघतंय?"

वेंकटेशनं हो म्हणायला तोंड उघडलं. मग त्याला वाटलं, ज्याला बापासाठी रडताही येत नाही त्यानं निदान नखं तरी द्यावीत.

"काढा," तो म्हणाला.

नखं दगडावर पडली. तेव्हाही त्याला काही वाटलं नाही.

तेरावा झाला. शनिवारी टोपी घालून तो हुबळीला गेला. रिबेलोंच्या घरात बांधलेल्या ट्रंका होत्या आणि दोनच खुर्च्या उरल्या होत्या. त्यानं टोपी काढताच मुंडण पाहून रिबेलोंनी विचारलं,

"फादर?"

"हो. पंधरा दिवस झाले." त्यानं उजवा हात दाखवला. "हीही गेली. आता नाही जमायचं."

रिबेलोंनी त्याच्या मांडीवर गिटार ठेवली.

"नख नाय तर नाय. बोट हाय ना? वाजव."

वेंकटेशनं अंगठ्यानं ठेका धरला. बोटांची उघडी कातडी पोलादी तारेवर घसरत होती. सूर दबका येत होता, घाई करता येत नव्हती. मध्यावर एक जागा होती, जिथं डाव्या हाताच्या बोटानं तार रेटून सूर जरा चढवायचा. आजवर तो तिथं उरकून पुढं जायचा. आज सूर इतका बारीक होता की तो शोधावाच लागला.

"वर," डोळे मिटून बसलेले रिबेलो म्हणाले. वेंकटेशनं तार रेटली.

"अजून वर... अजून..."

त्यानं आणखी रेटली.

"हां. अल्ले."

वेंकटेशला तार दिसेनाशी झाली. गिटारच्या लाकडावर एक थेंब पडला, मग दुसरा, मग ते थांबेनातच. रिबेलोंनी डोळे उघडले नाहीत. अंगठ्याचा ठेका चालूच होता.