सहा मिनिटं बावन्न सेकंद

“कुणाला सांगून पटायचं नाही, सिस्टर, पण मास्तर आला! सहा मिनिटं बावन्न सेकंद!”

असं ओरडून घड्याळजीनं स्टॉपवॉचची कळ दाबली आणि मगच कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. चार मजल्यांचा जिना विहिरीसारखा रिकामा होता. मास्तरचा पत्ता नव्हता.

आत, घड्याळजीच्या कामाच्या टेबलावर, सुट्या काट्यांच्या आणि चाकांच्या डब्या बाजूला सारून सिस्टर कागद पसरून बसल्या होत्या. छत्तीस वर्षं इस्पितळाचा वॉर्ड सांभाळलेल्या त्या बाईंनी मान वर केली नाही.

“आला, तर दिसत का नाही?”

“दाराला हात लावला आणि तसाच माघारी पळाला. चष्मा खाली राहिला म्हणाला. पायांना असा वेग आलेला, की थांबायलाच तयार नव्हते.”

“आणि गुडघा?”

“मीही तेच विचारलं. तर म्हणतो, कुठला दुखत होता तेच आठवत नाही.”

सिस्टरनी पेन्सिलीचं टोक तपासलं.

बेत मुळात मास्तरचा. मास्तर म्हणजे खालच्या दुकानातला शिंपी. वर्षापूर्वी त्यानं एका गिऱ्हाइकाचा कोट बेतता बेतता त्याच टेबलावर खाकी कागद अंथरला आणि खडूनं पश्चिम युरोप आखला. कोटाला उशीर झाला तो झालाच. महिनाभर हिंडायचं, तिघांनी, आगगाडीनं, आणि तेही स्वस्तात. छत्रीच्या कापडाच्या तीन सारख्या पिशव्या त्यानं त्याच आठवड्यात शिवून टाकल्या. साठीपुढच्या माणसांना आगगाडीच्या पासात सवलत होती. वेगवान गाड्या जागेसाठी वेगळे पैसे मागत, म्हणून वेगवान गाड्या रद्द. राहिल्या गावागावाला थांबणाऱ्या. पण अशा गाड्यांनी जायचं म्हणजे घडोघडी गाडी बदलायची. सिस्टरनी मोजलं, तेव्हा अकरा ठिकाणी हातात जेमतेम सात मिनिटं मिळत होती. तेवढ्यात फलाटावरून उतरायचं, भुयारातून जायचं, पलीकडचा जिना चढायचा. एक गाडी चुकली की त्या दिवशीची स्वस्त वसतिगृहात आधीच घेऊन ठेवलेली खाट गेली, आणि मग पुढचा सगळा पत्त्यांचा बंगला खाली.

म्हणून सिस्टरनी नियम केला. आपली पिशवी आपल्या पाठीवर घेऊन हे चार मजले सात मिनिटांत चढायचे. जो चढेल तो येईल. त्या स्वतः पाच मिनिटांत वर आल्या होत्या. घड्याळजी सहात आला आणि अर्धा तास बोलला नाही, ही त्या इमारतीच्या इतिहासातली अभूतपूर्व घटना होती. मास्तरचा उजवा गुडघा मात्र चाळीस वर्षं पायमशीन चालवून कामातून गेला होता. तो रोज उद्यावर ढकलत होता. सवलत आज संध्याकाळी संपणार होती.

आणि स्टॉपवॉच घड्याळजीकडे का? कारण माणूस थापाड्या खरा. माशाच्या पोटातून निघालेलं घड्याळ आपण न उघडता चालू केलं, असं तो शपथेवर सांगे. पण वेळेच्या बाबतीत त्यानं कधी कुणाला फसवलं नव्हतं. पन्नास वर्षं अख्खी गल्ली त्याच्या दुकानातल्या घड्याळावर आपली घड्याळं लावत होती.

घड्याळजीनं स्टॉपवॉचची काच सदऱ्याला पुसली. ती स्वच्छच होती. मग त्यानं ते टेबलावर पालथं ठेवलं.

सिस्टरचा फोन वाजला.

“हो. अर्धा चमचा. नाही, नाही, बसू दे त्याला.”

त्यांनी फोन ठेवला. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी निम्मी गल्ली त्यांना औषधं विचारी. घड्याळजीनं लक्ष दिलं नाही. त्याला जिन्यातली शांतता खात होती.

“दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तर दार उघडून बघतच राहिल्या म्हणे,” तो म्हणाला. “त्यांना वाटलं, शाळा सुटली.”

“असं?” सिस्टर म्हणाल्या आणि खोडरबर शोधू लागल्या.

त्या मास्तरच्या खाकी कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं काहीतरी खोडत होत्या. सावकाश, कडेपासून कडेपर्यंत, जखम पुसावी तसं. घड्याळजी एकदा दाराशी गेला, एकदा परत आला. मग सिस्टरनी फोन हातात घेतला.

“पास तिघांचे घेते.”

“घ्या, घ्या! लगेच घ्या!” घड्याळजी इतक्या घाईनं म्हणाला, की त्याचं त्यालाच कसंतरी झालं. तो स्टुलावर बसला.

पास निघाले आणि त्यानंतर बऱ्याच वेळानं जिन्यात पावलं वाजली. मास्तर दारात उभा राहिला. पाठीवर पिशवी, कपाळ कोरडं, श्वास अगदी संथ.

“नाही जमलं,” तो म्हणाला. त्यानं पिशवी उतरवली आणि तिच्या पट्ट्यांची नीट घडी करून ती भिंतीशी ठेवली. “तिसऱ्या मजल्यावर गुडघ्यानं हात टेकले. तुम्ही दोघं जा. पिशवी जादा म्हणून न्या, शिवण पक्की आहे तिची.”

“अरे, एवढा विनय बरा नव्हे!” घड्याळजीनं स्टॉपवॉच त्याच्या नाकासमोर धरलं आणि सिस्टरच्या आडून दोनदा डोळा मारला. “सहा बावन्न! चष्मा मिळाला ना खाली?”

मास्तरनं नाकावरच्या चष्म्याला हात लावला.

“कुठला चष्मा?”

टेबलावरची दोन-तीन घड्याळं तेवढी आपापल्या मतानं टिकटिकत राहिली. मास्तर कागदापाशी आला. तो नकाशा त्यानं इतक्यांदा पाहिला होता, की डोळे मिटूनही त्याला बेतता आला असता. त्याचं बोट एका पुसट डागावर थांबलं, मग दुसऱ्यावर.

“ही नदीकाठची दोन गावं कुठे गेली?”

“खोडली.”

“ही तर तुमच्या पसंतीची होती. एवढ्यासाठीच येणार म्हणाला होतात.”

“गाडी चुकण्यापेक्षा गाव चुकलेलं बरं. आता कुठेही पाऊण तासाच्या आत गाडी बदलायची नाही. पास तिघांचे निघालेत, परत होत नाहीत.”

मास्तरनं बोट डागावरून उचललं नाही. त्यानं आधी स्टॉपवॉचकडे पाहिलं, मग घड्याळजीकडे.

“मी सात मिनिटांच्या आत आलो, असं हा म्हणतो. मग गावं का खोडली, सिस्टर?”

सिस्टरनी कागदावरचा रबराचा चुरा फुंकून टाकला.

“कारण हा खोटं बोलतोय. आणि तू त्याच्याहून मोठं. काकूंचा फोन आला होता, मास्तर आमच्याकडे चहा घेत बसलाय, त्याला साखर चालते का म्हणून. पहिल्या कपाला अर्धा चमचा मीच सांगितली. दुसऱ्या कपाला किती घेतलीस?”