डावी लिव्हर

गाडी चालू आहे की बंद, हे पहिल्यांदा बसणारा प्रत्येक जण विचारायचाच. माळरानावर, डोंगरवाटांवर पळवायची विजेची मोटरसायकल ती. ना किक, ना गिअर, ना धूर. किल्ली फिरवली की एक हिरवा दिवा लागे, बस्स. कंपनीचा विक्रीप्रमुख या शांततेला कधी देणगी म्हणे, कधी डोकेदुखी.

"त्या मोटरसायकल क्लबचा ट्रॅक आवाजापायी बंद पडलाय, शेजारच्या सोसायट्यांनी तक्रारी केल्या," दुपारच्या चहाला तो म्हणाला. "म्हणजे त्यांना हीच गाडी हवी. आणि त्यांचा सेक्रेटरी फोनवर मला विचारतो, मुकी गाडी घेऊन करू काय? आता बोला."

"बॅटरीचं काय म्हणाला?" समोर बसलेल्या इंजिनिअरबाईने विचारलं.

"तेच ते. दामटली तर पाऊण तासात मान टाकते, मग दोन तास चार्जिंग. किंमत ऐकून त्याला ठसकाच लागला. जुनी झाल्यावर कोण घेणार, ते वेगळंच. पण मॅडम, एकदा बसला की माणूस उतरायचं नाव घेत नाही. पहिल्या वितीपासून काय ओढ आहे तिची. शनिवारी येतोय तो, स्वतः चालवायला. आपल्या ट्रॅकवरच्या तिसऱ्या उडीपर्यंत जाऊ द्या, पुढचं गाडीच बोलेल."

तिचा कप बशीवर जरा जोरात टेकला. विक्रीप्रमुखाने जीभ चावली.

वर्षापूर्वी त्या तिसऱ्या उडीवरच तिचा दादा गेला होता. तो कंपनीचा चाचणी-रायडर, ती मोटरचे प्रोग्रॅम लिहिणारी इंजिनिअर. तो तिला मास्तरीण म्हणायचा. तीस वर्षं पेट्रोलच्या गाड्या उडवून त्याचं काही बिघडलं नव्हतं.

अपघाताच्या आदल्या संध्याकाळी तिने प्रोग्रॅममध्ये एक बदल केला होता. थ्रॉटल, म्हणजे वेगाची मूठ, सोडला की मोटर चाकाला मागे ओढते आणि त्यातून थोडी वीज परत बॅटरीत जाते. ती ओढ तिने वाढवली. पाऊण तासाला आणखी चार मिनिटं मिळावीत, एवढ्यासाठी. जमिनीवर त्यात काही धोका नव्हता. पण हवेत मागचं चाक एकदम मंदावलं, तर त्याचं फिरणं गाडीच्या अंगात उतरतं आणि नाक खाली झुकतं. हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं. आठवलं मात्र दुसऱ्या दिवशी, दादाची गाडी नाकावर आपटल्यानंतर.

गाडीच्या नोंदी ठेवणारं मेमरी कार्ड तिनेच काढलं. चौकशीत सांगितलं, कार्ड वाचता येत नाही. तो बदल तिने गुपचूप पुसून टाकला, आणि कार्ड एका पाकिटात घालून खणात ठेवलं. तेव्हापासून त्या खणातला स्टेपलरसुद्धा ती वापरत नव्हती.

घरी बाबा होते. हयात गेली त्यांची इंजिनं खोलण्यात. रात्रीच्या जेवणाला ते एवढंच विचारत, "गाडी चुकली, की तो चुकला?"

"कळलं नाही हो, बाबा," ती म्हणायची. आणि त्यांच्या ताटात आमटी वाढायची.

गुरुवारी सकाळी नवी रायडर हेल्मेट काखेत मारून तिच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. विजेच्या गाडीवरच शिकलेली मुलगी. पेट्रोलच्या गाडीला तिने कधी हात लावलेला नव्हता.

"ताई, हसणार नसाल तर एक सांगते."

"नाही हसत. बोल."

"तिसऱ्या उडीवर, हवेत असताना, डाव्या लिव्हरचा आवाज येतो. टक. मग पुन्हा टक. कुणी दाबून सोडल्यासारखा."

"तूच दाबत असशील."

"तिथे मागचा ब्रेक आहे. हवेत ब्रेक दाबायला मला काय वेड लागलंय? माझी बोटं मुठीवर असतात. आधी वाटलं, चेन असेल. पण चार दिवस झाले, रोज तिथेच." तिने हेल्मेट टेबलावर ठेवलं. "इंजिन असतं तर ऐकूच आलं नसतं. या गाडीवर आपला श्वाससुद्धा ऐकू येतो."

तिने खाली जाऊन लिव्हर हलवून पाहिली. सैल नव्हती. चार दिवसांच्या नोंदी काढल्या. प्रत्येक लिव्हर कधी, किती दाबली याची गाडी एक रेघ ठेवत असे, आणि तिसऱ्या उडीवर डाव्या लिव्हरची रेघ चारही दिवस सपाट होती. मुलगी खरं बोलत होती. कुणी काही दाबलेलं नव्हतं.

मग तिने खण उघडला.

कार्ड पहिल्याच झटक्यात वाचलं गेलं. तिने आधी थ्रॉटलची रेघ शोधली. दादाने थ्रॉटल सोडलाच नव्हता; म्हणजे तिने वाढवलेली ओढ सुरूच झाली नव्हती. तिला एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली. मग तिची नजर खालच्या रेघेवर गेली. डावी लिव्हर. सपाट, सपाट, आणि उडीच्या मध्यावर सरळ वर. पूर्ण दाबलेली. सोडलेली. पुन्हा पूर्ण दाबलेली.

पेट्रोलच्या गाडीला डावीकडे क्लच असतो. उडीत नाक जास्त वर गेलं की मुरलेला रायडर क्लच ओढतो आणि मागच्या ब्रेकला पायाने नुसती टिचकी देतो. विचार करून नाही, आपोआप. या गाडीला क्लच नव्हता. पायाचा ब्रेक काढून डाव्या हाताला दिला होता, सायकलवरून येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाला सोपं जावं म्हणून. दादाने क्लच ओढला होता, आणि मागचं चाक जाम झालं होतं.

हँडलचं ते ड्रॉइंग तिचं होतं. दादाने त्यावर डाव्या हाताची दोन बोटं नाचवून म्हटलं होतं, "मास्तरीण, या दोघींना जुनं वळण आहे बरं का. शिकतील म्हणा हळूहळू."

शनिवारी येणारा सेक्रेटरीही जन्माचा पेट्रोलवाला होता.

"शनिवार रद्द करा," तिने विक्रीप्रमुखाला सांगितलं. "मागचा ब्रेक पायाला परत न्यायचाय."

"आणि डावीकडे काय? नुसती मूठ?"

"लिव्हर राहील. दाबली तर मोटर मोकळी सुटेल. चाक अडणार नाही."

"मॅडम, दोन महिने जातील यात. तोवर क्लब दुसऱ्या दारात उभा असेल. कोणी सांगितलं हे अचानक?"

"कार्डाने."

"ते तर वाचता येत नव्हतं ना?"

"येत होतं. मी वाचलं नव्हतं. मालकांना मीच सांगणार आहे."

 तो फोन उचलून बाहेर गेला. सेक्रेटरीला तो काय थापा मारत होता कोण जाणे, पण मारत होता.

त्या रात्री बाबांनी विचारलं, "गाडी चुकली, की तो चुकला?"

"मी चुकले, बाबा." आणि तिने सगळं सांगितलं. कार्ड, पाकीट, ड्रॉइंग, दोन बोटं.

बाबांनी हातातला घास ताटात परत ठेवला.  मग उठले, हात धुतला आणि मागच्या खोलीत गेले.  ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक जुनी लिव्हर होती, दादाच्या पहिल्या गाडीची. दोन बोटांच्या जागी झिजून गुळगुळीत झालेली.

"ही बसव," ते म्हणाले. "आणि स्प्रिंग हलकी लाव. कडक लिव्हर चालायची नाही त्याला. बोटं भरून यायची." एवढं बोलून ते झोपायला गेले. ती चुकली होती की नाही, यावर ते त्या दिवशी बोलले नाहीत, नंतरही नाहीत. पण तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

दोन महिन्यांनी, चाचणीच्या गाडीला दादाची लिव्हर बसल्यावर, सेक्रेटरी आला. तिसऱ्या उडीवरून उतरून, धुळीने माखलेल्या मिशांनी हसत म्हणाला, "मुकी आहे, पण गुणाची आहे." नोंदीत त्याची डावी लिव्हर हवेत एकदा पूर्ण दाबलेली दिसत होती. तिने ती रेघ त्याला दाखवली. "मी दाबली? शपथ, कळलंसुद्धा नाही," तो म्हणाला, आणि डाव्या हाताची दोन बोटं मिटून-उघडून पाहू लागला. क्लबने आठ गाड्या घ्यायचं ठरवलं. विक्रीप्रमुखाला वीस हव्या होत्या. त्याने आठवरही पेढा मागितला.

सगळे गेल्यावर तिने नव्या रायडरच्या त्याच दिवशी सकाळच्या नोंदी उघडल्या. तिसरी उडी. डावी लिव्हर पूर्ण दाबलेली. सोडलेली. पुन्हा पूर्ण दाबलेली.

"तू लिव्हरला हात लावलास?" तिने मुलीला विचारलं.

"मी? मला तर ती कशाला ठेवलीय तेच कळत नाही. आणि ताई, तो आवाज थांबलाय हं. टक टक वगैरे काही नाही आता."

तिने दादाचं कार्ड पुन्हा लावलं आणि दोन्ही रेघा एकाखाली एक ठेवल्या. दोन दाबांमधलं अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत सारखं होतं. सेन्सर बदलून पाहता आला असता. नियमाप्रमाणे तेच करायला हवं होतं. अहवालात तिने लिहिलं, डावी लिव्हर, काम समाधानकारक.

मग ती पाना घेऊन खाली गेली आणि स्प्रिंग अर्धा आटा आणखी सैल केली.