थोरलीसाठी लख्ख काच

घरातल्या सगळ्या खिडक्या बदलायचं ठरलं आणि त्या निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी वरवर कुरकुर केली. मनातून मात्र उकळ्या फुटत होत्या.

आमची खोली पश्चिमेची. दुपार झाली की तिथे भिंतीसुद्धा चटके देतात. पोटुशी असताना एकदा मी थोरल्या जाऊबाईंना विचारलं होतं, "वहिनी, दुपारपुरती तुमच्या खोलीत पडू का?" त्या म्हणाल्या, "मला शेजारी कोणी असलं की झोप लागत नाही." मी जिन्याखाली पडून राहिले. तेव्हापासून मी त्यांच्यावर डूख धरून आहे, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

दुकानदाराने तापलेल्या दिव्यापुढे आधी साधी काच धरली. तिच्यामागे माझा तळहात भाजला. मग दुहेरी धरली, मध्ये पोकळी असलेली, आतून ऊन अडवणारा लेप दिलेली. तिच्यामागे हात गार. दिसायला तेवढी जरा निळसर.

"पश्चिमेला हीच घ्या," तो म्हणाला. "विजेचं बिलही उतरेल."

तेवढ्यात जाऊबाई आल्या, नेहमीप्रमाणे काम उरकल्यावर. त्यांची एक खोड आहे: मी ज्याला हात लावीन ते त्यांना हवं. साडी असो नाहीतर खुर्ची. मी झटकन साध्या काचेपाशी सरकले आणि म्हणाले,

"आमच्या खोलीला भिंतभर हीच लावायची! काय लख्ख उजेड येईल, सगळा रस्ता दिसेल. ती निळी तुमच्या खोलीला."

त्यांनी नाक मुरडलं. "मळकट दिसते ती. थोरली मी, आणि उजेड तुला? खोल्या बदलू आपण."

"पण वहिनी..." मी रडवेला चेहरा केला.

"अहो बाई, तिकडचं ऊन..." दुकानदार मध्येच बोलला.

"तुम्ही मापं घ्यायला कधी येताय ते सांगा हो," म्हणत मी त्याला गप्प केलं.

उन्हाळा लागला. पश्चिमेच्या खोलीत गेलेल्या जाऊबाईंनी आधी पडदे लावले, मग पडद्यांवर चादरी. आज भर दुपारी काखेत उशी मारून त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. चेहरा लालबुंद, मानेवर घामोळं.

"जरा पडू का गं इथे?"

तोंडावर नाही म्हणायचं, असं मी कधीचं ठरवून ठेवलं होतं. आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. पण नाही म्हटलं असतं तर सगळं एका दुपारीत संपलं असतं. मी चटई पसरून दिली.

"या की," म्हटलं. "फक्त रोज असंच विचारून येत जा."