चवरीचे केस

मी एक चवरी. हल्ली एवढं सांगून भागत नाही, म्हणून पुढचंही सांगते. चांदीने मढवलेला हातभर दांडा आणि त्याच्या टोकाला पांढऱ्या लांब केसांचा झुबका, असं माझं रूप. राजा गादीवर बसला की त्याच्या दोन्ही बाजूंनी आम्ही दोघी ढाळल्या जायचो. काम म्हणाल तर माश्या वारण्याचं. पण ते छत्राशेजारी उभं राहून करायचं, म्हणून आमची गणना राजचिन्हांत.

माझा जन्म जुन्नरचा. घाटाखालच्या एका लहानशा संस्थानात राज्याभिषेक ठरला आणि चवऱ्यांची जोडी घडवायचं काम चिमाजी सोनारांकडे आलं. त्यांनी शिसवीचा दांडा कातून घेतला. चांदीचा पत्रा गरम लाखेवर बसवला आणि उलट्या बाजूने ठोकत ठोकत त्यावर वेल उठवली. ठोका मागून पडायचा आणि फूल पुढे उमलायचं. मुठीपाशी मात्र त्यांनी नक्षी केली नाही. तिथे नुसत्या बारीक आडव्या रेघा मारल्या. घामाने हात सटकला तर भर दरबारात फजिती व्हायची, असं त्यांचं म्हणणं. केस आले हिमालयाकडून, याकच्या शेपटीचे, तीन-चार बाजारपेठा ओलांडून. पटवेकऱ्याने ते रेशमाने बांधले.

राज्याभिषेकाच्या दिवशी मला डाव्या बाजूला धरलं होतं, ज्यांच्या घरी मी पुढे राहिले त्या गेणभाऊंच्या आजोबांनी. तो मान त्यांच्या घराण्याचा. चवरी हलवायची नसते, उचलायची असते. उचलली की तिच्या वजनाने तिला पडू द्यायचं, आणि केस राजाच्या अंगाला लागता कामा नयेत. आजोबांचं मनगट चौघड्याच्या ठेक्यावर चालत होतं. मला तर वाटलं, मी आपणहूनच पडतेय.

पुढे संस्थानं विलीन झाली. राजांनी उजवी चवरी वाड्यात ठेवली आणि मला आजोबांच्या हाती दिलं. मान तुमचा, तेव्हा चवरीही तुमच्याकडेच असू द्या, म्हणाले. अशी मी घाट चढून आले. घोडेगावाहून एसटी जिथवर जाते, त्याच्याही वरच्या गावात. भाताची चार खाचरं, उतारावर नाचणी आणि घरात चुलीवरच्या खुंटीला कापडी पिशवीत मी. वर्षातून एकदा, यात्रेला, मला गावदेवापुढे ढाळायचे. आजोबांनंतर मुलाने, मुलानंतर गेणभाऊंनी.

माझं नशीब फिरलं ते घरात गॅस आला तेव्हा. लंकाबाईंचा, म्हणजे गेणभाऊंच्या बायकोचा, खोकला थांबला, पण किडीला दूर ठेवणारा धूर गेला आणि मला कसर लागली. पिशवी उघडली की मूठभर केस खाली पडत. त्याच सुमारास गेणभाऊ हिरडा काढताना झाडावरून पडले आणि त्यांचा उजवा खांदा धरला. हात खांद्याच्या वर जाईना. दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. यात्रेला मी पिशवीतच राहू लागले.

अशात गेल्या वर्षी वाड्यावरून संपत आले. ते वाड्याची व्यवस्था बघतात. त्यांनी सांगितलं, थोरले राजे वारले, आता पुण्यात नोकरी करणारा त्यांचा मुलगा रीतीपुरता गादीवर बसणार आहे. वाड्यात संग्रहालयही होणार आहे. तिथे चवऱ्यांची जोडी पूर्ण व्हावी, अशी राजघराण्याची इच्छा आहे.

गेणभाऊंनी खुंटीवरची पिशवी काढून मांडीवर घेतली. मग म्हणाले, “देतो. हितं राहिली तर कसर खाईल तिला. पण त्या दिवशी मी ढाळणार, मग देणार.”

संपतांनी मान डोलावली. ते गेल्यावर लंकाबाईंनी पिशवी उघडली. माझ्या टोकाला केस असे उरलेच नव्हते.

दोघं मला घेऊन घोडेगावात उत्तमचंद शेठांच्या दुकानात गेले. शेठनी दांडा निरखला, चांदी खणखणीत आहे म्हणाले आणि पोचे काढून दिले. याकचे केस मात्र आपण मागवणार नाही, म्हणाले. त्यांच्या जैन मंदिरातसुद्धा आता रेशमी धाग्याचं चामर वापरतात. त्यांच्या सुनेने, चेतनाने, तसला झुबका बांधून दाखवला. दिसायला देखणा होता. गेणभाऊंनी मला उचललं आणि खाली ठेवलं.

“पोरी, ह्ये पडत न्हाई गं. तरंगतं.”

परतीच्या एसटीत लंकाबाई खिडकीतून बांधावरची घायपातं बघत होत्या. घरी आल्यावर विळा घेऊन निघाल्या. घायपाताच्या काटेरी पानांपासून दोर वळणं त्यांना लहानपणापासून येत होतं. पानं कापून ओढ्यात दगडाखाली कुजत ठेवली, बडवली, धुतली, त्यांतून निघालेला धागा, म्हणजे वाख, पिंजला आणि माझ्या टोकाला बांधला.

गेणभाऊंनी पाहिलं. “ह्यो तर झाडू झाला.”

लंकाबाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. पुन्हा नवीन पानं आणली. ह्या वेळी वाख रिठ्याच्या पाण्यात धुतला, एकेक धागा चिरून बारीक केला आणि दोन्ही तळव्यांत चोळत बसल्या. घायपाताच्या रसाने हाताला खाज सुटते. बारा दिवसांत त्यांच्या हातांची सालं निघाली. गेणभाऊ म्हणत होते, ऱ्हाऊ दे, रेशमाचंच लावू. त्या चोळतच राहिल्या. तेराव्या दिवशी गेणभाऊंनी मला जेमतेम खांद्यापर्यंत उचललं आणि सोडलं. मी पडले. जशी पहिल्या दिवशी पडले होते, अगदी तशी.

“जमलं,” ते म्हणाले. एवढंच.

समारंभाला वाडा माणसांनी भरला होता. नवे राजे गादीवर बसले, छत्र धरलं गेलं, चौघडा सुरू झाला. वाड्यातल्या उजव्या चवरीचे केस झडलेले, म्हणून त्या बाजूची चवरी संपतांनी भाड्याने आणली होती. डावीकडे गेणभाऊ. लंकाबाई बायकांच्या बाजूला उभ्या होत्या. गादीजवळ बायकांनी जायची रीत नव्हती.

पहिल्यांदा मी वर गेले. दुसऱ्यांदा गेले. तिसऱ्यांदा गेणभाऊंचा हात खांद्याच्या खालीच राहिला. चौथ्यांदा तो छातीपाशीच अडला. चौघडा पुढे निघून गेला. त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. मी चांदीची असून काही करू शकत नव्हते.

तेवढ्यात लंकाबाई चालत आल्या. त्यांनी कुणाला विचारलं नाही. नवऱ्याच्या मागे उभ्या राहिल्या आणि आपला तळवा त्याच्या कोपराखाली दिला. संपत त्यांना बाजूला करायला पुढे झाले, तर नव्या राजांनी मान न वळवता हळूच सांगितलं, “असू द्या.” मग मी वर गेले, आणि पडले. विधी संपेपर्यंत ठेका चुकला नाही. चाळीस वर्षं देवळाच्या दारातून तो ऐकत आलेल्या बाईला तो शिकवावा लागला नाही.

निघताना गेणभाऊंनी मला संग्रहालयाच्या प्राचीताईंच्या हाती दिलं आणि ते लगेच वळून चालू लागले. लंकाबाई घुटमळल्या. “बाई, धुवायची झाली तर रिठ्याच्या पाण्यात धुवा. साबण न्हाई चालायचा.” प्राचीताई दुसऱ्या वस्तू मांडत होत्या. बरं आजी, म्हणाल्या. मी केलंय, असं लंकाबाई बोलल्या नाहीत. त्यांच्या मनातही आलं नसावं.

आता मी काचेच्या कपाटात आहे. शेजारी माझी जोडीदारीण आहे, तिचे केस पार झडलेत. बघायला येणारे म्हणतात, ही डावी बघा, शंभर वर्षं झाली तरी हिचे केस कसे राहिलेत. माझ्यापुढच्या पाटीवर लिहिलंय, ‘चवरी. चांदी, शिसवी, याकचे केस.’ प्राचीताईंनी ते संस्थानच्या जुन्या यादीतून उतरवलं आहे. त्या खोटं बोलल्या नाहीत. त्यांना ठाऊकच नाही.

मागच्या भिंतीवर समारंभाचा फोटो लावलाय. त्यात राजे आहेत, छत्र आहे, मला धरलेले गेणभाऊ आहेत. फोटो कडेने कापलाय. गेणभाऊंच्या कोपराखाली मात्र हिरव्या बांगड्यांचा एक हात राहून गेलाय, बोटांची सालं निघालेला. एक मुलगी परवा आईला विचारत होती, हा हात कुणाचा? आईने पाटी वाचली आणि दोघी पुढे गेल्या.

तुम्ही कधी ह्या वाड्यात आलात, तर प्राचीताईंना तेवढं सांगा. तो हात लंकाबाईंचा आहे, आणि पाटीवर याकच्या जागी घायपात लिहायचं आहे.