पायाला आराम

हिरालालांना कसलीही हौस नाही, हे अख्ख्या लाखनीला ठाऊक होतं. आयुष्यभर एसटी चालवली, पण कधी पान तोंडात धरलं नाही. निवृत्त झाल्यावर एक जुनी छोटी कार घेतली, तर तिच्या आरशाला साधं गोंड्याचं फुदनंही लटकवू दिलं नाही. त्यामुळे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आदल्या दिवशी ते काखेत खोकं मारून पोराच्या दुकानात आले आणि "हे आजच्या आज बसव" म्हणाले, तेव्हा अश्वजितला वाटलं, खोकं दुसऱ्याच कुणाचं असणार.

खोक्यात क्रूझ कंट्रोलचा संच होता. मोकळ्या रस्त्यावर वेग ठरवून बटण दाबलं की गाडी त्याच वेगाने चालत राहते, ॲक्सिलरेटरवर पाय दाबून बसावं लागत नाही. ब्रेकला पाय लागला की यंत्र तिथल्या तिथे सुटतं. नव्या महागड्या गाड्यांत ते कंपनीतूनच येतं. बाबांच्या गाडीला खिडकीची काच खाली करायला अजून हाताने दांडा फिरवावा लागत होता.

"बाबा, या गाडीले हे कायले पाहिजे?"

"पायाले आराम. उद्या नागपूरले जाचं आहे. किती वेळ दाबून बसाचं?"

अश्वजितचं दुकान हायवेच्या सर्व्हिस रोडवर होतं. बॅटरी, वायरिंग, हॉर्न, मागच्या आरशातला कॅमेरा, असं सगळं तो बसवून द्यायचा, पण क्रूझ कधी बसवलं नव्हतं. आणि उद्याचा दिवस साधा नव्हता. दर वर्षी या दिवशी हिरालाल मोहल्ल्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बायकांना दीक्षाभूमीवर न्यायचे. मागच्या सीटवर आनंदाबाई, बायजाबाई, लीलाबाई, आणि पुढे त्यांची बायको सुमनबाई. आनंदाबाई छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून गेलेल्या, आता गुडघ्यांनी हात टेकलेले. त्यांना बस नको, दुसरा कुणी ड्रायव्हर नको. हिरालालची गाडी असेल तरच जाणार, असा त्यांचा हट्ट. म्हणजे उद्या आईसकट चार म्हाताऱ्यांचा जीव या एका जोडणीवर होता.

हिरालाल चपला बाहेर काढून ड्रायव्हरच्या सीटवर बसले. घरच्या गाडीत चपलेनं चढायचं नाही, हा त्यांचा नियम. ते कायम अनवाणी चालवायचे. अश्वजितने स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं, ॲक्सिलरेटरच्या तारेला ओढणारी छोटी मोटर बसवली, आणि ब्रेकच्या स्विचमधून यंत्राला वायर आणली. सगळा खेळ त्या वायरीचा. तिच्यातून ब्रेकची खबर आली नाही तर यंत्र गाडीला पुढेच रेटत राहणार.

तो गाडीच्या मागे जाऊन लाल दिव्याकडे बघत उभा राहिला.

"दाबा ब्रेक."

"दाबला."

दिवा लागला नाही.

"दाबा ना बाबा."

"दाबूनच आहे बे. किती दाबू?"

मग एकदा लागला, एकदा नाही. अश्वजितने फ्यूज पाहिला, जोड पुन्हा सोलून बांधला, शेवटी स्विचच बदलला. मग स्वतः सीटवर बसून ब्रेक दाबून दाबून पाहिला. आता दिवा बिनचूक लागत होता. जुना स्विचच दगा देत होता, असं म्हणून त्याने तो कचऱ्यात टाकला. झाकण लावताना एक स्क्रू कमी पडला. खाली वाकून शोधला, मिळाला नाही, तेव्हा दुसरा लावून मोकळा झाला.

ऊन कलल्यावर दोघं चक्कर मारायला निघाले. भंडाऱ्याच्या दिशेने रस्ता बराच मोकळा होता. दोन्ही बाजूंना धान उभा, कुठे कुठे लवकर येणारा हलका धान कापायलाही लागलेले. अश्वजितने डावीकडून हात घालून साठवर बटण दाबलं. हिरालालांनी पाय उचलून बाजूला ठेवला आणि गाडी आपली चालत राहिली. त्यांच्या तोंडावर असं समाधान पसरलं की अश्वजितला बरं वाटलं. बापाला एक तरी हौस सुचली म्हणायची.

"ब्रेक लावून पाहा एकदा," तो म्हणाला.

हिरालालांनी क्षणभर खाली पाहिलं, ब्रेक दाबला, यंत्र सुटलं. पुन्हा बटण दाबलं, गाडी पुन्हा साठवर आली. सगळं ठीक. अश्वजितने पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला.

दुभाजक जिथे फोडून लोकांनी आपली वाट केली होती, तिथून एक ट्रॅक्टर आडवा आला. मागे भाऱ्यांनी भरलेली ट्रॉली. ट्रॅक्टर रस्ता ओलांडून पलीकडे पोचला, ट्रॉली मात्र रस्त्याच्या मधोमध अडखळली.

"बाबा, ब्रेक."

"लावला."

इंजिन गर्जलं आणि गाडी पुढे झेपावली.

वायर. अश्वजितच्या मनात तेवढंच आलं. त्याने यंत्राचं बटण बंद केलं. गाडी तरी थांबेना, उलट जोर धरत गेली. "लावला ना, लावूनच आहे," हिरालाल ओरडत होते आणि त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आवळलेले होते. ट्रॉलीतला भारा न् भारा वेगळा दिसायला लागला. यंत्र तर बंद आहे, मग गाडीला रेटतंय कोण? अश्वजितने खाली पाहिलं.

बापाचा पाय ॲक्सिलरेटरवर होता, पुरता, टाचेपासून दाबलेला.

त्याने खाली झेप घेऊन दोन्ही हातांनी बापाचा घोटा धरला, पाय उचलून ब्रेकवर ठेवला आणि वरून अंगाचा सगळा भार टाकला. टायर किंचाळले. गाडी तिरपी झाली, हिसका देत बंद पडली. ट्रॉलीचं बाजूचं फळकं बोनेटच्या हातभर पुढे होतं. ट्रॅक्टरवाल्याने वळून दोन शिव्या घातल्या आणि ट्रॉली ओढून नेली.

गाडी कडेला लागली. अश्वजितचा हात अजून बापाच्या पायावरच होता. हाताला ओलं लागलं म्हणून त्याने पाहिलं, तर रक्त. तळव्यात दुकानातला तो हरवलेला स्क्रू रुतला होता, पार डोक्यापर्यंत.

"बाबा, हा कधी लागला?"

हिरालाल पायाकडे दुसऱ्याच कुणाचा असावा तसे पाहत होते. "काय लागला?"

अश्वजितने स्क्रू उपसून काढला. हिरालालांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. दुकानातला तो दिवा का लागत नव्हता, हे त्याला आत्ता कळलं. स्विच चांगलाच होता, चुकत होता तो पाय. त्याला राग आला आणि रडूही आलं, आणि दोन्हीपैकी काय करावं ते सुचेना.

"साखरेच्या बिमारीनं झालं ना हे? केव्हापासून?"

"कायचं केव्हापासून? तुह्या मशीननं घात केला असता आज."

"मशीन बंद होतं, बाबा. मी पाहिलं पाय कुठे होता ते."

हिरालाल समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. मग आवाज उतरवून म्हणाले, "कोनाले सांगू नको. उद्याचा दिवस होऊन जाऊ दे. मंग मी सोडतो गाडी."

"उद्या मी चालवतो."

"आनं लोक काय म्हनतीन? हिरालालले काय झालं म्हनतीन. आजपर्यंत माह्या हातून कोनाले खरचटलं नाही." त्यांनी पोराचा हात धरला. "उद्याचा एक दिवस, बेटा."

अश्वजितने जखमेवर रुमालाची पट्टी बांधली. त्याने बापाला डावीकडे बसवलं आणि गाडी स्वतः घरी आणली.

सुमनबाई दारातच उभ्या होत्या. पायाची पट्टी नंतर दिसली त्यांना. आधी विचारलं, "मशीन चाललं का?"

"काही कामाचं नाही," हिरालाल म्हणाले. "याले जोडताच आलं नाही. काढून फेकजो म्हनलं. मी नेतो नेहमीसारखा."

अश्वजित ऐकून घेत राहिला. मशीन खराब ठरलं तर उद्याचं जाणं रद्द होईल, या आशेने त्याने बोल स्वतःवर घेतला होता. पण बाबांनी ते दारही लावून टाकलं होतं. सुमनबाई आत गेल्या.

सकाळी चौकात निळे झेंडे लागले होते आणि गाडीसमोर पांढऱ्या लुगड्यांची गडबड होती. लीलाबाई डबे मांडीवर घेऊन मधे बसल्या, दोन्ही बाजूंना आनंदाबाई आणि बायजाबाई. सुमनबाई पुढे. हिरालालांनी चपला काढल्या, पट्टी बांधलेला पाय आत ठेवला आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

किल्ली अश्वजितच्या मुठीत होती. त्याने मूठ उघडली नाही.

"दे ना," हिरालाल म्हणाले.

"देत नाही."

"अरे, उशीर करून राहिला काहून?" बायजाबाईंनी मागून डोकं बाहेर काढलं. "बापाचं ऐकाचं नाही का?"

बाप त्याच्याकडे पाहत होता, आणि त्या नजरेत कालचं सगळं मागणं होतं. मागून तीन म्हाताऱ्या पाहत होत्या. बोललो तर बाप आयुष्यभर मान वर करणार नाही. गप्प बसलो तर पुढची ट्रॉली कुठे आडवी येईल काय माहीत, आणि पाय धरायला मी गाडीत नसेन.

"बाबाच्या पायाले काही समजत नाही," तो म्हणाला. "ब्रेक कोनता, ॲक्सिलरेटर कोनता, पायाले कळत नाही. काल आम्ही मेलो असतो. मशीन चांगलं आहे."

हिरालालांचा चेहरा काळवंडला.

"खोटं बोलून राहिला तो," ते म्हणाले. "मशीन नीट बसवता आलं नाही म्हनून."

"खोटं नाही बोलून राहिला."

हे सुमनबाई बोलल्या होत्या. त्या समोरच्या काचेतून सरळ बाहेर बघत होत्या.

"मागच्या साली आंघोळीचं कढत पानी सांडलं तुमच्या पायावर. फोड आले, आनं तुमी पेपर वाचत बसले होते. तईच समजलं मले. तईपासून मी रोज तुमच्या बाजूले बसतो."

अश्वजितला एकदम आठवलं. गेलं वर्षभर कुठेही निघालं की आई पुढेच बसायची, आणि अर्धा फर्लांग आधीपासून म्हणायची, ब्रेक, ब्रेक, समोर गाय आहे. बाबा हसायचे. तुही माय आजकाल भल्ली भेते, म्हणायचे. काल ती बाजूला नव्हती.

"भेत नव्हती मी," सुमनबाई म्हणाल्या. "तुमाले खाली पाहाले वेळ भेटावा म्हनून बोलत होती. मशीनचा विषयही मीच काढला होता ना? पायाचं काम जेवढं कमी होईन, तेवढं बरं."

बायकोला सगळं ठाऊक आहे हे हिरालालांना माहीत नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. वर्षभर आपण बायकोपासून लपवतो आहोत अशा समजुतीत राहिलेला माणूस आता तिच्याकडे पाहायलाही धजत नव्हता.

"आई, मले सांगाचं होतं ना," अश्वजित म्हणाला.

"सांगितलं असतं तर हे घरी बसले असते. घरी बसलेले मले पाहावले नसते."

"आनं आमी?" आनंदाबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "आमी मागं बसून होतो, सुमन. आमाले काहून नाही सांगितलं?"

सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली.

हिरालाल उतरले. आधी चपला घातल्या, मग मागचं दार उघडलं आणि कुणाकडेही न पाहता म्हणाले, "बायजाबाई, सरका जरा."

तिघींच्या जागेत चौघांनी बसायचं म्हणजे दाटी झाली. डबे सुमनबाईंच्या मांडीवर गेले. बायजाबाई कुरकुरल्या नाहीत, उलट हिरालालांच्या दुखऱ्या पायाला जागा व्हावी म्हणून आपले पाय पोटाशी घेतले. अश्वजित स्टिअरिंगवर बसला आणि गाडी निघाली.

सर्व्हिस रोड संपून गाडी हायवेला लागली. खूप पुढे, एका ढाब्यासमोर, दोन म्हशी रस्त्याच्या कडेने येत होत्या.

"ब्रेक, ब्रेक," सुमनबाई म्हणाल्या. "समोर म्हशी आहेत."

"दिसून राहिल्या मले, आई," अश्वजित म्हणाला. "आता सांगाची गरज नाही."

आरशात बाबांचं तोंड दिसत नव्हतं, नुसता त्यांचा आवाज आला.

"बोलू दे तिले."