टोचायच्या दिवसाचा खुळखुळा

थांबा, थांबा, आधी माझं ऐका! मी खुळखुळा बोलतोय. आवाज मोठा आहे खरा, पण पोटात दाणेच तसले भरलेत, त्याला मी काय करू?

लाकडाचा मी, लालपिवळा, नवाकोरा. गुंड्याच्या आत्याने मला आणलं, तेव्हा गुंड्या होता दीड महिन्याचा. "सुई टोचताना वाजव हं," तिने भावाला बजावलं. "एरवी कपाटात ठेव. रोज दिसला की नवलाई संपते."

भाऊ म्हणजे गुंड्याचा बाबा. ताईचा शब्द तो खाली पडू द्यायचा नाही. त्यात गडी सुईच्या बाबतीत भलता भित्रा! स्वतःचं रक्त तपासतानाही त्याला घेरी यायची. तरी हट्ट एकच, "टोचताना गुंड्याला मांडीवर मीच घेणार. सगळं आईनेच का करायचं?"

पहिल्या खेपेला मी असा वाजलो म्हणून सांगू! गुंड्या रडला, मग माझ्याकडे टकामका बघत राहिला. अडीच महिन्यांनाही तेच. मी तर हरभऱ्याच्या झाडावरच चढलो. घरी आल्यावर मात्र पुन्हा कपाट, मोज्यांच्या शेजारी.

साडेतीन महिन्यांची पाळी आली. दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या बाबाने मला पिशवीतून काढलं आणि एकदाच हलवलं. झालं! गुंड्याने असा टाहो फोडला की बाकीची चार बाळंही सुरात सूर मिसळायला लागली. अजून सुईचा पत्ताच नव्हता!

बाबाचा चेहरा पडला. "मला बघूनच रडतोय गं. तूच घे याला," तो आईला म्हणाला आणि दाराकडे निघाला.

"अहो बाबा, थांबा," सिस्टर म्हणाल्या. "हा घरी रोज वाजवता का?"

"छे, छे! फक्त टोचायच्या दिवशी."

सिस्टर खो खो हसल्या. "मग रडेल नाही तर काय? हा वाजला की टोचतं, हे कळलंय त्याला. तो तुम्हाला नाही, याला घाबरतो. खुळखुळा राहू दे बाहेर, तुम्ही चला आत. नीट कुशीत धरा आणि बोलत राहा."

मी बाकावर एकटा! अपमानाने दाणे दाणे झाले माझे. पण आतून बाबाचा थरथरता आवाज येत होता, "आहे रे, मी आहे," आणि हळूहळू गुंड्याचं रडणं ओसरलं. खरं सांगतो, मला आनंदच झाला.

त्या दिवसापासून कपाट सुटलं. मला चावलं, आपटलं, आंघोळीच्या टबात बुडवलं. रंग उडाला, दांड्यावर दोन दातांच्या खुणा उमटल्या. काय दिवस होते!

आणि काल नवव्या महिन्याची लस! या वेळी मी गुंड्याच्याच मुठीत, गुंड्या बाबाच्या मांडीवर. सुई टोचली. गुंड्या एकदाच कळवळला आणि गप्प झाला. बाबाच्या डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी.

तुमच्या घरी कुणी माझा भाऊबंद कपाटात असेल, तर आजच बाहेर काढा हो. कारण पुढे काय झालं माहितेय? गुंड्याने बाबाच्या गालावरचं पाणी निरखून पाहिलं, मला उचललं आणि त्याच्या नाकासमोर जोरजोरात वाजवायला लागला.