नळी

खाटकाच्या बायकोने सत्तूर उचलला आणि बोकडाच्या तंगडीवर एकच घाव घातला. नळीचे दोन तुकडे झाले. एकाच्या तोंडाशी गुलाबी, ओलसर गर थरथरला.

गल्ल्यामागे स्टुलावर बसलेल्या खाटकाने मान फिरवली.

ऑपरेशननंतर तो आज पहिल्यांदाच दुकानात आला होता. उजव्या मनगटातली गाठ हाड आतून पोखरत थेट सांध्यापर्यंत पोचली होती. डॉक्टरांनी गाठीसकट चार बोटं लांबीचं हाड काढून टाकलं आणि त्याच्याच पोटरीतलं बारीक हाड कापून, पट्टी नि स्क्रू लावून तिथे बसवलं.

"तुमच्याच धंद्यातलं काम आहे," ते आधी म्हणाले होते, तेव्हा तोही खो खो हसला होता. आयुष्यभर आतडी उपसलेला माणूस. त्याला कसली आली किळस? नाकाला रुमाल लावून येणाऱ्या गिऱ्हाइकांची तो हुबेहूब नक्कल करायचा. वर फुशारकीने सांगायचा, "आमच्या हिला बघा. रक्ताने माखून घरी गेलो तरी कधी तोंड वाकडं करत नाही."

प्लास्टर उतरलं आणि त्याची सगळी ऐट उतरली. कुबट वास, खवल्यांसारखी सुटणारी कातडी, मधोमध टाक्यांची जांभळट रेघ. आपल्या हातात आपलाच पाय शिवलाय, या विचाराने त्याला शिसारी यायची. झोपतानाही तो हात अंगापासून लांब ठेवायचा, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"पायाचीच आहे ना नळी?" समोरच्या मास्तरीणबाईंनी विचारलं. "सूप करायचंय."

"पायाचीच," बायको म्हणाली आणि हाडाचा चुरा तिने अंगठ्याने पुसून काढला.

खाटीक उठला. लंगडत मागच्या मोरीपर्यंत कसाबसा पोचला. तिथे धुवायला ठेवलेल्या आतड्यांची बादली होती. सकाळचा चहा, औषधं, सगळं भडाभडा बाहेर पडलं.

दुपारी घरी आल्यावर तो म्हणाला, "विकून टाकू दुकान. शी! माझ्याच्याने आता बघवत नाही."

"मग बघू नका. मी आहे ना." ती हात धूत होती. "आता कुठे माझा हात बसलाय. लोक म्हणतात, तुमच्यापेक्षा माझे तुकडे सारखे होतात."

"लोकांना काय, फुकट बोलायला मिळतं."

ती हसली. मनगटाचा पट्टा घेऊन त्याच्याजवळ बसली आणि त्याचा हात तिने मांडीवर घेतला. दोनदा साबण लावूनही तिच्या बोटांना चरबीचा वास होता. नखांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. तिला वाईट वाटू नये म्हणून त्याने चेहरा सरळ ठेवला आणि गुपचूप श्वास रोखला.

"श्वास रोखू नका," मान वर न करता ती म्हणाली. "चक्कर येते. तोंडाने घ्यायचा, हळूहळू. जेवतानाच काय तो त्रास होतो."

त्याचा रोखलेला श्वास सुटला.

"तू कधीपासून...?"

"लग्नापासून," ती म्हणाली आणि पट्ट्याचं टोक नीट दाबून बसवलं. "घट्ट नाही ना झाला?"